चाकू, घडीचा

घडीचा चाकू : ज्याचे पाते मुठीतील खोबणीत मिटवून ठेवता येते, अशा लहान पात्याच्या हत्याराला घडीचा चाकू म्हणतात. पाते व मूठ ही एका आडव्या खिळ्याने जोडलेली असतात आणि पाते त्या खिळ्याभोवती सुमारे १८० अंशांतून फिरते. उघडलेले पाते जागच्या जागी अडकवून ठेवणारी योजना असल्यास त्यास खटक्याचा चाकू म्हणतात. या हत्याराच्या इतिहासात दोन प्रश्न सतत एकमेकांत गुंतलेले दिसतात. उघडलेले पाते वापरणाऱ्याच्याच बोटांवर मिटू नये, हा पहिला. आणि मिटलेले पाते खिशात घालून कोणी व कोठे हिंडावे, हा दुसरा. पहिला प्रश्न कारागिराचा, तर दुसरा राज्यकर्त्याचा आहे. खटका हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. परंतु त्याच खटक्याने दुसरा प्रश्न अधिक बिकट करून ठेवला.

मिटणारे पाते ही कल्पना बरीच जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथील उत्खननात इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमाराचा, हाडाच्या मुठीचा असा चाकू मिळाला आहे. रोमन साम्राज्यात त्याचा प्रसार झाला होता. केंब्रिज येथील फिट्‌झविल्यम संग्रहालयात इ. स. तिसऱ्या शतकातील एक रोमन साधन असून त्यात चाकूबरोबर चमचा, काटा इ. उपकरणे एकाच मुठीत मिटतात. या सर्व प्राचीन चाकूंत पाते केवळ खिळ्याच्या घर्षणाने उघडे राही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शेफील्ड येथील कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसविण्यास सुरुवात केली. ही कमान पात्याच्या बुडख्यावर दाब देते; त्यामुळे पाते उघडताना व मिटताना ‘टक्’ असा आवाज होऊन ते त्या त्या स्थितीत स्थिरावते. हा खरा खटका नव्हे, कारण पुरेसा जोर लावल्यास पाते मिटतेच; परंतु पुढील दोनशे वर्षे जगभर विकला गेलेला खिशातील चाकू तो हाच. शेफील्डच्या रॉजर्स कारखान्याचा माल हिंदुस्थानच्या बाजारपेठांतही नावाजलेला होता.

मराठी मुलखात घडीच्या चाकूचे जुने व सभ्य काम म्हणजे बोरू तासणे. पेशवे दफ्तरातील मोडी लिखाणाचा प्रचंड पसारा बोरूने लिहिला गेला आणि बोरूचा कत लिहिता लिहिता बोथट होत असल्याने कारकुनाजवळ चाकू असणे दौत असण्याइतकेच आवश्यक होते. अशा लहान चाकूला ‘कलमतराश’ हा फार्सी शब्द रूढ होता. ‘चाकू’ हा शब्दही फार्सीतूनच आला. ‘सुरी’ मात्र संस्कृत ‘छुरिका’ या शब्दावरून आली आहे. न्हाव्याचा वस्तरा हेही मिटणारेच पाते. पण त्याला कमान नसते, खटकाही नसतो. तो उघडा असताना बोटांच्या पकडीनेच सावरला जातो, म्हणून तो केवळ सरावलेल्या हातात शोभतो.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातील मिटणारी विळी या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. तिचे पाते वापर झाल्यावर पाटाच्या बाजूला मिटते व धार पाटाशी झाकली जाते. उभ्या पात्यावर भाजी चिरताना पडणारा जोर पात्याला आणखी उघडण्याच्या दिशेनेच ढकलतो आणि तेथे त्यास अडण असते. त्यामुळे खटक्यावाचूनही विळी कामात मिटत नाही. घडीच्या चाकूचेही मूळ तत्त्व हेच आहे. धारेच्या बाजूने कापत असताना पाते मिटण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. ते मिटते, ते पात्याच्या पाठीवर जोर आला म्हणजे : टोक लाकडात अडकून चाकू मागे ओढला असता, टोकाने भोसकण्याचा प्रयत्न केला असता, किंवा पात्याची पाठ एखाद्या वस्तूवर आपटली असता. त्या क्षणी धारेच्या मार्गात चारही बोटे असतात.

खटक्याचे गणित : चांगल्या खटक्याला किती भार सोसावा लागतो, हे साध्या तरफेच्या नियमाने काढता येते. पाते ८ सेंमी. लांबीचे असून त्याच्या टोकाशी पाठीवर ५ किग्रॅ. वजनाइतका जोर पडला आणि खटका पात्याच्या बुडख्याला खिळ्यापासून अर्ध्या सेंटिमीटर अंतरावर टेकला असेल, तर खटक्यावर ८० किग्रॅ. वजनाइतका भार येतो. म्हणजे मनगटाच्या एका हिसक्यासरशी बोटाच्या नखाएवढ्या पोलादी तुकड्यावर एका माणसाचे वजन येऊन पडते. हेच प्रमाण सैलपणालाही लागू आहे. खटक्याच्या जागी एक दशांश मिमी. फट राहिली, तर पात्याच्या टोकाशी ती सुमारे दीड मिमी. होते व पाते हलू लागते. म्हणून खटक्याच्या चाकूत पात्याचे पोलाद किती उंची आहे यापेक्षा बुडखा, खिळा व खटका यांची जुळणी किती नेमकी आहे, याला अधिक महत्त्व दिले पाहिजे. बाजारात मात्र नेमके उलट घडते. विक्रेता पात्याचे गुण सांगतो आणि खिळा कोणी पाहत नाही.

खटक्यांचे प्रमुख प्रकार थोडे आहेत. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातील जोझेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा एक स्वस्त शेतकरी चाकू तयार केला. त्याला १९५५ मध्ये फिरते धातूचे कडे जोडण्यात आले. कडे फिरवले की मुठीची फट बंद होते व पात्याला मिटण्यास वाट राहत नाही. याहून सोपी व सहज दुरुस्त करता येणारी रचना आढळत नाही. मात्र कडे फिरवण्याचे स्मरण वापरणाऱ्याने ठेवावे लागते. दुसरा प्रकार पाठीच्या खटक्याचा. मुठीच्या पाठीत एक तरफ असून तिचा आकडा बुडख्यावरील खाचेत बसतो. तरफेच्या दुसऱ्या टोकाजवळ अंगठ्याने दाबले की आकडा वर उचलला जाऊन पाते सुटते. अमेरिकेत १९६४ मध्ये बक या कारखान्याने काढलेल्या ‘११०’ क्रमांकाच्या चाकूमुळे हा खटका शिकारी व कामगार यांच्यात सर्वत्र पसरला. हा मजबूत असला, तरी खाचेत माती किंवा काडीकचरा अडकल्यास आकडा पुरता बसत नाही आणि बाहेरून पाहता ते लक्षातही येत नाही.

तिसऱ्या प्रकारात मुठीच्या आतील धातूची पातळ पट्टीच कमानीसारखी आत वाकवलेली असते. पाते पूर्ण उघडले की ती बुडख्याच्या मागे सरकून बसते. या कल्पनेचे एकस्व अमेरिकेत १९०६ इतके जुने आहे. परंतु तिला आजचे स्वरूप १९८० नंतरच्या दशकात मायकेल वॉकर या कारागिराने दिले. तिची सर्व भिस्त बुडख्याच्या उतारावर असते. पोलादावर पोलाद घसरू न देणारा घर्षणकोन साधारणतः आठ अंशांच्या आसपास येतो. उतार याहून फार जास्त ठेवला, तर भार पडताच पट्टी निसटते. फार कमी ठेवला, तर झिजेमुळे पडणारी फट पट्टी आणखी आत सरकून भरून काढू शकत नाही. उत्तम व धोकादायक चाकूंत अनेकदा दोन-तीन अंशांचाच फरक असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. अशा खटक्याला पिळाचे वावडे असते. कठीण लाकडात पाते रुतवून मूठ पिळली, तर पट्टी सुटू शकते. पुढे दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्हने मुठीची जाड बाजूच पट्टी म्हणून वापरली. त्यामुळे हाताची पकड जितकी घट्ट, तितका खटका पक्का, असा लाभ झाला. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या एका रचनेत आडवी पोलादी कांडी दोन्ही बाजूंच्या कमानींच्या जोरावर बुडखा व अडण यांच्यामध्ये पाचरीसारखी बसते व ती डाव्या-उजव्या कोणत्याही हाताने सोडवता येते.

पात्याचे पोलाद रॉकवेल ‘क’ मापावर साधारणतः ५६ ते ६० इतके कठीण ठेवतात. त्याहून मऊ ठेवल्यास धार टिकत नाही. फार कठीण केल्यास टोक मोडते. उघडल्यावर पाते खटक्यावर न टेकता स्वतंत्र अडणीवर टेकावे, मिटलेले असताना ते आपोआप उघडू नये इतकी अटक असावी, आणि मुठीला तर्जनीपुढे उंचवटा असावा म्हणजे हात धारेवर घसरत नाही. या तीन गोष्टींपैकी शेवटची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

रामपुरी चाकू : भारतात खटक्याचा चाकू म्हटले की उत्तर प्रदेशातील रामपूरचे नाव पुढे येते. नबाबी अमलात तेथे या धंद्याचा उदय झाला. रामपुरी चाकूच्या बुडख्याला दाते असतात व मुठीच्या पाठीतील कमान त्यांत अडकत जाते. पाते उघडताना होणारा करकर असा आवाज या दात्यांचा. या रचनेला उत्तरेत ‘गरारीदार’ व कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूला ‘बटनदार’ म्हणतात. दात्यांची हीच रचना स्पेनमधील नवाहा या चाकूत दिसते. तेथे सामान्य जनांस तलवार बाळगण्याची बंदी झाल्यावर लांब पात्याचा पण मिटणारा नवाहा लोकप्रिय झाला, असे मानतात. मुंबईत रामपुरीची ओळख कारखान्यापेक्षा चित्रपटगृहात झाली. वक्त (१९६५) यासारख्या हिंदी चित्रपटांनी त्याला गुंडाच्या हातातील अलंकार बनवले आणि मराठी बोलीत ‘रामपुरी’ हे गावाचे विशेषण न राहता नाम झाले. १९९० नंतरच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आली आणि धंदा खालावला. मार्च २०२३ मध्ये रामपुरातील एका चौकात सुमारे सहा मीटर लांबीच्या चाकूची प्रतिकृती उभारण्यात आली. ज्या वस्तूचे उत्पादन बंदीने मारले, तिचेच स्मारक झाले.

खानदेशातील शस्त्रप्रश्न व धरणगाव : पाते कोणी बाळगावे हा प्रश्न खानदेशात इंग्रजी अमलाच्या आरंभीच उभा राहिला आणि त्याचे केंद्र धरणगाव (आता जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण) हे होते. कापडाच्या व्यापारामुळे हे गाव पूर्वीपासून भरभराटीत होते. इंग्रजांनी १६७४ मध्ये येथे वखार घातली आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने गाव लुटले. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खानदेश कंपनीकडे आला, तेव्हा सातपुडा व सातमाळा यांतील भिल्ल उठावात होते. भिल्ल हे या मुलखाचे परंपरागत जागले. गावाची व घाटवाटांची राखण करावी आणि त्याबद्दल ठरलेले हक्क घ्यावेत, अशी जुनी व्यवस्था होती. अठराव्या शतकाच्या अखेरची धामधूम, १८०३–०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचा उपद्रव यांत ती मोडली. राखणदाराचे हक्क बुडाले, शस्त्र मात्र हातात राहिले. प्रथम नव्या सरकारने लष्करी मोहिमा काढल्या. त्यांत सैनिक तापाने अधिक मेले व प्रश्न सुटला नाही.

मुंबईचे गव्हर्नर माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. कन्नडकडील एजन्सीने भिल्लांना जमिनी व तगाई देऊन शेतीस लावावे, वायव्येकडील एजन्सीचे ठाणे कुकरमुंडे येथे असावे आणि तिसरीने भिल्लांचीच पलटण उभारावी, अशी ही योजना होती. पलटणीचे काम जेम्स औट्रम (१८०३–६३) या तरुण लेफ्टनंटकडे आले आणि तिचे मुख्य ठाणे धरणगाव येथे झाले. औट्रमने आधी डोंगरात छापा घालून काही भिल्ल पकडले व त्यांच्याच मध्यस्थीने इतरांशी संबंध जोडले. तो त्यांच्याबरोबर शिकारीस जाई व पहाऱ्यावाचून त्यांच्यात राही. ज्यांच्या हातातील शस्त्राची सरकारला धास्ती होती, त्यांच्याच हाती सरकारी शस्त्र देण्याचा हा प्रयोग बहुतांशी यशस्वी झाला. औट्रम १८३५ पर्यंत खानदेशात होता. पलटण पुढेही अर्धशतकाहून अधिक काळ टिकली व १८९१ मध्ये ती पोलीस दलात विलीन करण्यात आली. या यशाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. शस्त्र बाळगणे हा भिल्लाचा परंपरेने आलेला हक्क न राहता ती सरकारी नोकरीची खूण झाली. नोकरीबाहेरच्या भिल्लाचा तीरकामठा संशयास्पद ठरला. १८५७–५८ मध्ये सातपुड्यात खाज्या नाईक व त्याचे साथीदार उठले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली, तेव्हा तो संशय पक्का झाला.

१८५७ व १८६० च्या अधिनियमांनंतर लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्र अधिनियम झाला. त्याच्या व्याख्येत बंदूक, संगीन, तलवार, खंजीर व भाला यांच्याबरोबर धनुष्यबाणाचाही उल्लेख होता, चाकूचा नव्हता. परवान्याच्या अटीतून युरोपियनांना मिळणारी सूट हा या अधिनियमाचा सर्वांत बोचणारा भाग होता. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला. स्वतंत्र भारताच्या संविधानात मात्र तो आला नाही.

सांप्रतचा कायदा : १८७८ च्या अधिनियमाची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू त्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. साधी काठी किंवा लाठी ही अशा वस्तूंची उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. त्याखालील १९६२ च्या नियमांत धारदार शस्त्रांसाठी ९ इंचांहून (२२·८६ सेंमी.) लांब किंवा २ इंचांहून (५·०८ सेंमी.) रुंद पात्याचे माप घालण्यात आले, घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामांची पाती त्यातून वगळली. २०१६ च्या नियमांनीही हेच माप ठेवले. खिशातील घडीचा चाकू या मापाच्या कितीतरी आत येतो. तथापि अधिनियमाच्या चौथ्या कलमान्वये विशिष्ट प्रदेशापुरती विशिष्ट शस्त्रे परवान्याखाली आणता येतात. दिल्ली प्रशासनाने २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेने कमानीने उघडणारे, गरारीदार, बटनदार आणि अन्य यांत्रिक योजनेने उघडणारे वा मिटणारे चाकू, पाते ७·६२ सेंमी. वा अधिक लांब व १·७२ सेंमी. वा अधिक रुंद असल्यास, या कक्षेत आणले.

महाराष्ट्रात याहून अधिक प्रत्ययाला येतो तो मुंबई (आता महाराष्ट्र) पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या ३७ व्या कलमानुसार शांतता धोक्यात आल्यास ठराविक मुदतीपुरती शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या व लाठ्या बाळगण्यास मनाई करता येते. सणासुदीच्या व निवडणुकीच्या दिवसांत असे आदेश वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात. या यादीत मापाचा उल्लेख नाही. म्हणून एरवी निर्वेध असलेला खिशातील चाकू त्या दिवसांत गुन्ह्यास कारण होऊ शकतो.

येथे खटक्याचा मूळ पेच पुन्हा दिसतो. ब्रिटनमध्ये १९५९ च्या अधिनियमाने कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूंवर बंदी आली. अमेरिकेने अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारास १९५८ मध्येच मनाई केली होती. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी ३ इंचांपर्यंतच्या धारेचा घडीचा चाकू बाळगण्यास मुभा दिली. परंतु पाते खटक्याने अडकणारा चाकू हा ‘घडीचा चाकू’ नव्हेच, असा निर्णय तेथील न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. ज्या योजनेने कामगाराचे बोट वाचते, तीच न्यायालयाच्या दृष्टीने त्याला शस्त्रधारी ठरवते. हा निर्णय कायद्याच्या भाषेत सुसंगत असला, तरी सुताराच्या किंवा माळ्याच्या दृष्टीने विपरीत होय. वस्तुतः लपवून नेलेला साधा सुरा कोणत्याही खटक्याच्या चाकूहून अधिक घातक असतो. आपोआप उघडणारी कमान व उघडल्यावर अडकवणारा खटका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली वेगासाठी असते, दुसरी सुरक्षिततेसाठी. अधिसूचनांच्या शब्दरचनेत त्या बऱ्याचदा एकत्र येतात.

वापर व बाळगण : खानदेशात घडीच्या चाकूचे खरे क्षेत्र फळबागा हे आहे. मोसंबी व लिंबू यांचे डोळे भरण्यासाठी, तसेच आंब्याच्या कलमांसाठी लागणाऱ्या लहान चाकूचे पाते सरळ धारेचे व वस्तऱ्यासारखे तीक्ष्ण असते. डोळे भरण्याच्या चाकूला साल उचलण्यासाठी हाडाची किंवा प्लॅस्टिकची बोथट जीभही असते. धार एका बाजूनेच लावलेली असल्यास काप सपाट येतो व कलम चांगले सांधते. जळगावच्या केळीच्या मळ्यांत मात्र घडीचा चाकू फारसा उपयोगी पडत नाही. घड उतरवणे, मुनवे काढणे ही कामे कोयत्याची व विळ्याची. शिवाय केळीचा चीक पोलाद काळे करतो आणि खिळ्याच्या सांध्यात वाळला की पाते जड होते, खटकाही पुरता बसत नाही. चीक लागलेला चाकू त्याच दिवशी कोमट पाण्याने धुऊन, पुसून सांध्यात तेलाचा थेंब सोडावा लागतो.

खिशात चाकू ठेवताना टोक वर येईल व पात्याची पाठ खिशाच्या शिवणीकडे राहील अशा रीतीने ठेवतात. म्हणजे अटक सैल होऊन पाते किंचित उघडले, तरी ते शिवणीला अडून थांबते. १९८१ मध्ये अमेरिकेतील स्पायडर्को कारखान्याने मुठीला खिशाच्या काठावर अडकवण्याची पट्टी व पात्याला अंगठ्यासाठी गोल छिद्र दिले. त्यामुळे चाकू एका हाताने काढणे व उघडणे शक्य झाले. नवीन चाकूचा खटका पारखताना पात्याची पाठ टेबलावर आपटून पाहण्याची पद्धत सदोष आहे; त्या धक्क्याने चांगला खटकाही झिजतो. बोटे धारेच्या मार्गातून दूर ठेवून पाठीवर हळूहळू वाढता दाब द्यावा, पाते आडवे हलवून खिळ्याचा सैलपणा पाहावा आणि उघड-मीट पन्नासेक वेळा करून खटका दर वेळी त्याच जागी बसतो की नाही, हे पाहावे. विमानप्रवासात कोणत्याही मापाचा चाकू हातातील सामानात नेण्यास मनाई आहे. तो नोंदवलेल्या सामानात, पाते मिटवून व गुंडाळून ठेवावा लागतो.